ऑगस्टमधला जावा: जकार्ताच्या गल्लीतून कोटागेडेच्या गल्लीत

१३ ऑगस्ट २०२५, बुधवार, जकार्ता

आमचा टॉवर सेतियाबुदी भागात आहे, पुढच्या गेटला मोठा रस्ता, मॉल, बँकांच्या काचेच्या बिल्डिंगी, आणि मागच्या छोट्या गेटातून बाहेर पडलं की एकदम काम्पुंग सुरू होतं. म्हणजे दाटीवाटीची वस्ती, समोरासमोर दोन मोटरसायकली आल्या तर एकीने थांबायचं एवढीच रुंद गल्ली, दारात कुंड्या, पिंजऱ्यात पक्षी, वर वाळत घातलेले कपडे. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलो तेव्हापासून माझं सकाळचं फिरणं याच गल्लीत असतं. उद्या जोगजाला, म्हणजे योग्यकर्ता शहराला, निघायचंय म्हणून आज जरा जास्तच वेळ फिरले, कारण ऑगस्टमध्ये ही गल्ली वेगळीच दिसते आणि ती बघायची राहून जायला नको.

सकाळी साडेसहाच्या आसपास भाजीवाला येतो, तुकांग सायुर. ढकलगाडीला चारी बाजूंनी प्लास्टिकच्या पिशव्या लोंबत असतात, त्यात टोफू, तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), मिरच्या, सुके मासे, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे एकेका भाजीचे तयार पुडे, म्हणजे चिंचेच्या आंबट रश्श्याला लागणारं सगळं, मक्याचं कणीस, चवळीच्या शेंगा, चायोते, थोडे शेंगदाणे, असं एका कुटुंबापुरतं एका पिशवीत बांधलेलं. ज्या बाईला सकाळी आठला कामावर पोचायचंय तिच्यासाठी केवढी सोय आहे ही! गाडीभोवती बायका जमतात, कोणाचं बाळ आजारी, कोणाचा मुलगा कुठल्या कॉलेजला लागला हे सगळं तिथेच कळतं. मी भाषा शिकले ती क्लासमध्ये कमी आणि या गाडीपाशी जास्त.

मग जामूवाली. पाठीवर बांबूची टोपली, ती बाटिकच्या लांब कापडाने खांद्यावरून बांधलेली, टोपलीत काढ्याच्या बाटल्या, हातात ग्लास धुवायला पाण्याची बादली. हळद-चिंचेचा काढा, तांदूळ आणि केंचूर या आल्यासारख्या मुळाचा काढा, आल्याचा, आणि एक इतका कडू की प्यायल्यावर ती लगेच गोड काढ्याचा घोट देते. आमची जामूवाली मध्य जावातल्या वोनोगिरीची, पहाटे तीनला उठून वाटण करते. २०२३ मध्ये युनेस्कोने जामूची परंपरा आपल्या यादीत घेतली तेव्हा मी तिला सांगितलं, ती म्हणाली छान झालं बू (म्हणजे बाई), पण हळदीचा भाव कमी करायला सांगा त्यांना.

इथे फेरीवाले ओरडत नाहीत फारसे. प्रत्येकाचा आवाज ठरलेला. बाक्सो म्हणजे मांसाच्या गोळ्यांचं सूप विकणारा चमच्याने वाडग्यावर टिंग टिंग करतो, रात्रीचा नासी गोरेंगवाला, म्हणजे परतलेल्या भाताचा गाडीवाला, कढईवर टेक-टेक वाजवत जातो, आणि पुतू नावाचा वाफवलेला गोड पदार्थ विकणाऱ्याच्या गाडीत वाफेची बारीक शिट्टी सतत वाजत असते, ती लांबून ऐकू आली की गल्लीतली पोरं पैसे मागायला घरात पळतात. सहा महिने राहिलं की घरात बसून कळतं किती वाजले असतील.

सगळंच गोड आहे असं नाही हां. मोठ्या रस्त्यावर फुटपाथ असला तरी संध्याकाळी त्यावर मोटरसायकली चढतात, आणि सिग्नलला अंगाला पूर्ण चंदेरी रंग फासून डबा पुढे करणारी माणसं उभी असतात, त्यात कधीकधी लहान मुलं पण. तो रंग कातडीवर तासन्‌तास, उन्हात. मला ते बघवत नाही आणि सवयही होऊ नये असं वाटतं.

पण ऑगस्ट. कोपऱ्यावर झेंडेवाला बसलाय, बांबूला लाल-पांढरे झेंडे आणि लांबच लांब पताका लावून. पश्चिम जावातल्या गारूतहून आलाय, दर वर्षी जुलैअखेर येतो, १७ तारखेला परत जातो. गल्लीत पुरुष मंडळी कडेच्या दगडांना लाल-पांढरा रंग देतायत आणि गल्लीच्या तोंडाशी बांबूची कमान उभी राहतीये, त्यावर ८० चा आकडा, स्वातंत्र्याची ८० वर्षं. १७ ऑगस्ट १९४५ ला सुकार्नो आणि हात्तांनी स्वातंत्र्याची घोषणा केली ती याच शहरात, पेगांगसान तिमूर रस्त्यावरच्या ५६ नंबरच्या घरासमोर.

१४ ऑगस्ट, गुरुवार, ट्रेनमध्ये

नवऱ्याला उद्या संध्याकाळपर्यंत सुट्टी नाही, म्हणून मी एकटीच पुढे. गांबीर स्टेशनपर्यंत ओजोल घेतली, म्हणजे ॲपवरची मोटरसायकल टॅक्सी, हिरवं जॅकेट, माझ्यासाठी हिरवं हेल्मेट. सामान पायांमध्ये पुढे ठेवून ड्रायव्हर इतक्या सराईतपणे निघतो की काय सांगू. हे ॲपवालं सगळं २०१५ नंतरचं, त्याआधी नाक्यावर उभे असणारे ओजेकवाले आणि भावावरून घासाघीस. आता भाव फोनवर ठरलेला, पण रस्त्याकडेला झाडाखाली दहा-बारा हिरवी जॅकेटं एकत्र बसून ऑर्डरची वाट बघत असतात आणि कोणाची गाडी बंद पडली तर बाकीचे धावतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

गाडीचं नाव तक्साका. चिरेबोन, पुरवोकेर्तो करत सहा-साडेसहा तासांत जोगजा. गाड्या वेळेवर आणि स्वच्छ, डब्यात फेरीवाला एकही नाही. १०-१५ वर्षांपूर्वीपर्यंत इथे टपावर बसून लोक जायचे आणि डब्यातून भात, अंडी, खेळणी विकणारे फिरायचे. इग्नासियुस जोनान रेल्वेचे प्रमुख असताना, २००९ ते २०१४ मध्ये, हे सगळं बंद झालं, स्टेशनातले स्टॉलसुद्धा हलवले. प्रवाशाला बरं झालं हे खरंच, पण ज्यांची चूल त्या फलाटावर पेटायची त्यांचं पुढे काय झालं हा प्रश्न मला प्रत्येक चकचकीत फलाटावर पडतो.

खिडकीतून भातशेती, कौलारू घरं, आणि प्रत्येक रेल्वे फाटकापाशी झेंडा. शेताच्या मधोमध एकटं घर असलं तरी झेंडा.

जोगजाच्या तुगू स्टेशनबाहेर बेचाकवाले. या सायकलरिक्षात प्रवासी पुढे बसतो आणि चालवणारा मागे, त्यामुळे समोरचं ट्रॅफिक सगळं आपल्याच अंगावर येतंय असं वाटतं. मालिओबोरो रस्त्यावरून गेले. इथल्या फुटपाथवर आधी कपडे, चपला, खेळणी विकणाऱ्यांची रांगच्या रांग असायची, २०२२ च्या फेब्रुवारीत त्या सगळ्यांना तेरास मालिओबोरो नावाच्या बाजारात हलवलं. आता फुटपाथ मोकळा, बाकं, दिवे, चालायला मस्त. पण माझा बेचाकवाला म्हणाला, आधी लोक चालता चालता घ्यायचे, आता आत मुद्दाम जावं लागतं आणि सगळे जात नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

कोटागेडे तिथून पाचेक किलोमीटर, शहराच्या आग्नेयेला. सोळाव्या शतकात मातारामच्या सुलतानांची पहिली राजधानी इथे होती, आता चांदीच्या कारागिरांसाठी प्रसिद्ध. उतरले ती एका इबूंच्या (इथे वयस्कर बाईंना असंच म्हणतात) घरी, गल्लीच्या आत.

गल्लीच्या तोंडाशी पाटी: मोटरसायकल ढकलत न्या. आणि लोक खरंच उतरतात! इंजिन बंद करून पोरगा गाडी ढकलत आत येतो, समोर कोणी म्हातारं माणूस बसलं असेल तर किंचित वाकतो, हात खाली करून "मोंगो", म्हणजे जाऊ का, असं म्हणत पुढे जातो. पोलीस नाही, कॅमेरा नाही. दुसरी पाटी: पाहुण्यांनी २४ तासांत कळवावं. त्यासाठी इबू मला घेऊन आरतेंकडे गेल्या. आरते म्हणजे काही घरांच्या गटाचा प्रमुख, शेजाऱ्यांनीच निवडलेला. ही शेजारगटाची पद्धत जपान्यांनी १९४४ मध्ये, युद्धाच्या काळात लोकांवर नजर ठेवायला जावात आणली, आणि आज तिच्यातूनच लग्न, मयत, साफसफाई, वर्गणी सगळं चालतं. आरतेंनी पासपोर्ट बघितला, वहीत नाव लिहिलं आणि विचारलं, १७ तारखेपर्यंत आहात ना? मग खेळात नाव घालतो.

१५ ऑगस्ट, शुक्रवार, कोटागेडे

सकाळी फोनवर आईचे, बहिणीचे मेसेज, झेंडावंदनाचे फोटो. इबूंना सांगितलं आज आमचा स्वातंत्र्यदिन, तर त्यांनी ती बातमी भाजीवाल्या गाडीपाशी नेली आणि दुपारपर्यंत अख्खी गल्ली मला "सलामात", म्हणजे अभिनंदन, म्हणत होती. आपला १९४७, त्यांचा १९४५, मधे दोन दिवसांचं अंतर. एका आजोबांनी मला थांबवून नेहरूंचं नाव घेतलं आणि बांडुंगची आशिया-आफ्रिका परिषद, १९५५, असं बोटं मोजत सांगितलं.

दिवसभर गल्ल्या पालथ्या घातल्या. इथली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली ती नीट सांगते. जुनी सागवानी घरं ओळीने बांधलीयेत, प्रत्येक घराचा मुख्य भाग उत्तरेला आणि त्याच्यासमोर दक्षिणेला मोकळा मंडप, मधे अंगणाची पट्टी. ती पट्टी प्रत्येकाच्या मालकीची, पण प्रत्येकाने ती जायला-यायला मोकळी सोडलीये, आणि अशा सगळ्या पट्ट्या जोडून सार्वजनिक वाट तयार झालीये. म्हणजे मी चालत होते ते एकामागून एक लोकांच्या घरातूनच! डाव्या हाताला आजी तांदूळ निवडतीये, उजव्या हाताला सोफा आणि टीव्ही, आणि मधून पोरं सायकल ढकलत शाळेतून येतायत. कोणी कोणाला अडवत नाही. मालकीची जमीन असून कुंपण न घालणं ही किती मोठी गोष्ट आहे हे आपल्याकडे बांधावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या झालेल्या बघितल्यावर जास्तच कळतं.

बरीच घरं २००६ च्या भूकंपात पडली. २७ मे, पहाटे सहाच्या आत, जोगजा आणि आसपास पाच हजारांवर माणसं गेली. इबू म्हणाल्या, पहिली रात्र आम्ही सगळे रस्त्यावर झोपलो, कोणाकडे तांदूळ वाचले होते, कोणाकडे गॅस, एका मोठ्या पातेल्यात सगळ्यांचं शिजलं. काही जणांनी नंतर पडलेल्या घरांचं कोरीव लाकूड विकलं, ते बोलताना त्या गप्प झाल्या जरा.

दुपारी शुक्रवारची नमाज, गल्ली एकदम रिकामी. कचेरीतले लोक शुक्रवारी बाटिक घालतात, त्यामुळे मशिदीकडे जाणारा घोळका बघत राहावा असा, तपकिरी, निळे, चॉकलेटी नक्षीचे शर्ट आणि खाली लुंगी. मग बाजाराजवळ किपो खाल्ला. अंगठ्याएवढा हिरवा पदार्थ, आत नारळ-गुळाचं सारण, केळीच्या पानावर मातीच्या तव्यात भाजलेला, पाच-पाचची पुडी. हा कोटागेडेचाच, मला दुसरीकडे कुठे मिळाला नाही.

रात्री नवरा पोचला आणि आम्ही आंगक्रिंगानवर गेलो. ढकलगाडी, वर ताडपत्री, कोळशाच्या शेगडीवर तीन किटल्या, पिवळा मिणमिणता दिवा, गाडीला टेकून बाकडं. नासी कुचिंग म्हणजे चार घासांचा भात आणि वर चिमूटभर तिखट किंवा तेंपे, कागदात बांधलेला, तीन हजार रुपिया, आपले पंधराएक रुपये. सोबत गुळात शिजवलेला टोफू, आल्याचं गरम पाणी. शाकाहाऱ्यांनी मिरचीच्या ठेच्याबद्दल आधी विचारा, त्यात बहुतेक वेळा कोळंबीची पेस्ट असते. त्या बाकड्यावर कॉलेजची मुलं, बेचाकवाला, टाय सैल केलेला बँकेतला माणूस, सगळे खांद्याला खांदा लावून. ऑगस्टमध्ये जोगजाच्या रात्री चक्क गार असतात.

परतताना रात्री साडेदहाला पाच-सहा पुरुष टॉर्च घेऊन गल्लीत फिरताना दिसले. ही रोंदा, रात्रीची गस्त, प्रत्येक घराची पाळी ठरलेली. कोपऱ्यावर त्यांची छोटी चौकी, तिथे केंतोंगान, म्हणजे ठोकून इशारा द्यायचा पोकळ लाकडी ठोकळा, टांगलेला, चोर, आग, मयत यांचे ठोके वेगवेगळे. आणि प्रत्येक घराच्या दाराशी खिळ्याला एक छोटं प्लास्टिकचं भांडं, त्यात रोज रात्री घरच्यांनी ५०० रुपियाचं नाणं ठेवायचं, गस्तवाले गोळा करतात. याला जिम्पितान म्हणतात, पूर्वी चिमूटभर तांदूळ असायचे. ५०० रुपिया म्हणजे आपले जेमतेम अडीच-तीन रुपये, कोणालाही जड नाही, पण रोज, प्रत्येक घरातून. त्यातून दिव्याचं बिल, आजाऱ्याला भेट, मयताचा खर्च. मी खूप वेळ त्या भांड्यांकडे बघत उभी होते, आणि मग आम्हीही इबूंच्या भांड्यात नाणं टाकलं. जावाच्या रस्त्यावर मला जे सारखं जाणवतं, की गल्ली ही सरकारची नाही, ती इथे राहणाऱ्यांची आहे आणि ते रोज तिला काहीतरी देतात, ते इथे डोळ्यांनी दिसलं.

१६ ऑगस्ट, शनिवार

सकाळी केर्जा बाक्ती, म्हणजे सगळ्यांनी मिळून सफाई. गटारं उपसली, पताका बांधल्या, बायकांनी एका अंगणात स्वयंपाक लावला. बायकांची भिशी असते, अरिसान, तिचे पैसे आणि त्यांची मोठी पातेली दोन्ही आज बाहेर आली. मी कांदे सोलले, नवऱ्याला शिडी धरायला लावलं.

रात्री मालाम तिराकातान, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या रात्रीची बैठक. गल्लीभर चटया अंथरल्या, माणसं दोन्ही बाजूंना भिंतींना टेकून बसली. "इंडोनेशिया राया" हे राष्ट्रगीत उभं राहून म्हटलं, स्वातंत्र्यासाठी गेलेल्यांसाठी मान खाली घालून शांतता, मग भाषणं, मग प्रार्थना. मधे तुम्पेंग, पिवळ्या भाताचा सुळका, भोवती भाज्या, अंडी, तळलेलं तेंपे. सुळक्याचं टोक कापून पहिलं गल्लीतल्या सगळ्यात वयस्कर आजींना दिलं. आरतेंनी भाषणात आमच्याकडे बघून भारताचं नाव घेतलं तेव्हा टाळ्या पडल्या आणि माझा गळा भरून आला, खरंच. मोबाईलवर तेव्हा दहीहंडीचे व्हिडिओ येत होते, या वर्षी गोपाळकाला नेमका आजच.

१७ ऑगस्ट, रविवार

जावाच्या दिनदर्शिकेत सात वारांबरोबर पाच बाजारवारही चालतात: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. कोटागेडेचा बाजार लेगीचा, आणि आज लेगी. योगायोग म्हणजे १९४५ चा १७ ऑगस्टही लेगीच होता, शुक्रवार लेगी, हे मला बाजारातल्या कोंबडीवाल्याने सांगितलं. बाजार इमारतीतून ओसंडून रस्त्यावर आला होता, कोंबड्या, गाणारे पक्षी, रोपं, कोयते, जुने स्पेअर पार्ट. बहुतेक सगळ्यांकडे क्यूआर कोडचा कागद, नाणी मोजणाऱ्या आजींकडेसुद्धा.

१० वाजून १७ मिनिटांनी सायरन वाजला आणि मोठ्या चौकातलं ट्रॅफिक थांबलं. मोटरसायकलवरची माणसं उतरून ताठ उभी राहिली, टोपलीवाली बाई टोपली खाली ठेवून उभी राहिली. तीन मिनिटं. मग लगेच हॉर्न, पुन्हा सगळं सुरू.

दुपारी खेळ. लहान मुलांचं दोरीला टांगलेले कुरकुरीत क्रुपुक हात न लावता खायचं, पोत्यातली शर्यत, चमच्यात गोटी. कमरेला दोरीने बांधलेला खिळा मागे न बघता बाटलीत सोडायचा, यात मी तिसरी आले आणि एक प्लास्टिकची बादली जिंकली. पुरुषांनी बायकांचे गाऊन घालून फुटबॉल खेळला, आरतेसुद्धा, आणि आजीबाई हसून हसून डोळे पुसत होत्या.

शेवटी पांजात पिनांग. सुपारीचं उंच सोट खोड, ग्रीस आणि तेल चोपडलेलं, वर गोल चौकटीला टांगलेल्या बादल्या, कढया, टी-शर्ट, एक सायकल. पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढतात, घसरतात, सगळा थर खाली. कालच ठाण्याची दहीहंडी फोनवर बघितलेली, त्यामुळे आमचे दोघांचे हात आपोआप वर गेले आणि आम्ही "गोविंदा" ओरडायला लागलो, तर शेजारची पोरंही ओरडायला लागली. फरक एवढाच की हंडीत थर उभा राहिला की काम झालं, इथे वरचा माणूस पोचला तरी खांब त्याला सोडतो खाली. डच काळात गोरे लोक करमणुकीसाठी असले खेळ ठेवायचे आणि स्थानिकांनी चिखलात घसरायचं, म्हणून हा खेळ बंद करा म्हणणारे इथे आहेत. त्यांचा मुद्दा मला पटतो. पण या मैदानावर चढणारेही तेच, बघणारेही तेच आणि वर्गणी भरणारेही तेच होते, हेही दिसत होतं. सायकल मिळाली ती टीमने एका शाळकरी मुलीला दिली, तिचं घर शाळेपासून लांब आहे म्हणे.

१८ ऑगस्ट, सोमवार

या वर्षी सरकारने आजची जादा सुट्टी दिली, त्यामुळे दुपारच्या गाडीआधी सकाळ मिळाली. चौकीसमोर सगळे जमले आणि आरतेंनी हिशोब मोठ्याने वाचला: जिम्पितानमधून किती, घरोघरच्या वर्गणीतून किती, बक्षिसं, तेल, चटयांचं भाडं, तुम्पेंगचे तांदूळ. यादीत आमचंही नाव होतं, पुढे "पाहुणे" असं लिहिलेलं. थोडे पैसे उरले. तरुण मुलांना नवा स्पीकर हवा होता, बायकांचं म्हणणं चौकीचं गळकं छप्पर आधी, पावसाळा ऑक्टोबरपासून सुरू होईल. बरीच बोलाचाली झाली. छप्पर ठरलं. स्पीकर पुढच्या वर्षी.